मुसोलिनीची शिरगणती

१९३२ साली एमिल लुडविग या चरित्रकाराशी बोलताना मुसोलिनीने वंशशुद्धीच्या कल्पनेची टर उडविली होती. इटलीत ज्यूद्वेष नाही, असेही बजावले होते. ते अगदीच खोटे नव्हते. त्याच्या पक्षात ज्यू सभासद होते, आणि त्याचे गाजलेले चरित्र लिहिणारी मार्गेरिता सारफात्ती ज्यूच होती. हजार इटालियनांमागे जेमतेम एक ज्यू. त्यांचे भय कोणाला वाटावे?

पण जुलै १९३८ मध्ये विद्वानांच्या नावाने जाहीरनामा निघाला : इटालियन लोक आर्य, ज्यू परके. वंश ठरवायला विद्वान लागतात, आणि तेही मिळतात! सप्टेंबरात ज्यू मुले व शिक्षक सरकारी शाळांतून बाहेर घालविण्यात आले. नोव्हेंबरच्या कायद्याने सरकारी नोकऱ्या गेल्या, आर्यांशी विवाह निषिद्ध ठरले. राजाने सही केली. ज्यांच्या गणितावर आईन्स्टाईनने सापेक्षतावादाची उभारणी केली, त्या लेव्ही-चिवितांना रोमचे अध्यापनपद सोडावे लागले. फेर्मींची पत्नी ज्यू. डिसेंबरात नोबेल पारितोषिक घेण्यास गेलेले ते दांपत्य तसेच अमेरिकेस निघून गेले.

याहून घातक गोष्ट मात्र निमूटपणे उरकली होती. ऑगस्ट १९३८ मध्ये ज्यूंची स्वतंत्र शिरगणती झाली. नावे, पत्ते, कुटुंबे कचेऱ्यांत नोंदली गेली. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन सैन्याने इटली व्यापली, तेव्हा धरपकडीला या याद्या उपयोगी पडल्या. १६ ऑक्टोबरला रोममध्ये पकडलेल्यांपैकी हजाराहून अधिक जणांना ऑश्विट्झला धाडण्यात आले. त्यांतले सोळा परतले.