खिडकीतलं महाभारत



'आपल्या वेळचे सिनेमे आणि मालिका' यावर बोल, असं आयोजकांनी सांगितलं. मी सॉफ्टवेअरवाली, भाषणाची सवय नाही. म्हणून आधी प्रश्नच विचारते. महाभारतातला कृष्ण खऱ्या आयुष्यात कोणतं शिक्षण घेतलेला? नितीश भारद्वाज गुरांचे डॉक्टर! आणि चेहरा कधीच न दिसलेलं पात्र? 'समय'. आवाज हरीश भिमानींचा, संवाद राही मासूम रझांचे.

२ ऑक्टोबर १९८८ला महाभारत सुरू झालं, तेव्हा आपण पाचवीत होतो. २४ जून १९९०ला ९४ भाग होऊन संपलं. गोंदिया जिल्हा व्हायला अजून नऊ वर्षं होती. पत्त्यावर आपण 'जि. भंडारा' लिहायचो. गावात मोजके टीव्ही, त्यातला एक आमच्याकडे. रविवारी सकाळी भाऊ कवेलूंवर चढून अँटेना फिरवायचा आणि आम्ही खालून ओरडायचो, "आलं, आलं... गेलं!"

आमच्या छपरीत सतरंजी टाकलेली असे. पण तिच्यावर सगळ्यांना जागा नव्हती. काही मुलं आत बसत, काही खिडकीशी उभी राहत. कोण आत, कोण बाहेर, हे घरातली मोठी माणसं ठरवत. कशावरून ठरवत, ते मला कळत नव्हतं असं म्हणणार नाही. कळत होतं.

आपल्या वर्गातली एक मैत्रीण नेहमी खिडकीशी असे. द्यूतसभेचा भाग आठवतो? द्रौपदी एकेकाला प्रश्न विचारते आणि भीष्म-द्रोणांसारखे मोठे मोठे लोक खाली मान घालून बसतात. मी सतरंजीवर बसून भीष्मावर जाम चिडले होते. पण खिडकीकडे वळून "आत ये गं" म्हणायचं मला सुचलं नाही. खरं तर धाडस झालं नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत तोच भाग ती आपल्याला करून दाखवायची. लाईट गेल्यामुळे ज्यांचा भाग बुडालेला असे, ते तिच्याभोवती गोळा होत. गजांमधून अर्धा पडदा दिसायचा तिला, पण सांगायची पूर्ण!

पुढे एका गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर आणला आणि चौकात 'अशी ही बनवाबनवी' लावला. १९८८चाच सिनेमा, वसंत सबनीसांचे संवाद. चार मित्रांना भाड्याने घर मिळेना, म्हणून सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साड्या नेसतात. त्या रात्री सगळे जमिनीवर बसले होते. ती माझ्या शेजारी होती. धनंजय मानेंचं घर विचारत दार ठोठावतात, त्या प्रसंगाला आम्ही दोघी पोट धरून हसलो. तेव्हाही माझ्या मनात आलं नाही, की हिला आमचं दार कधी उघडलंच नाही.

आज ते दोन्ही माझ्या मोबाईलमध्ये आहेत, हवे तेव्हा. एकटीने पाहते, पण द्यूतसभा आली की पुढे ढकलते.

ती आज या सभागृहात आहे. नाव घेत नाही. तिला आवडणार नाही. बाई, पस्तीस वर्षांनी सांगते, माझं चुकलं. जेवणं झाली की माझ्या शेजारी बसशील? मोबाईल नको. तो भाग तूच सांग, मी ऐकते.