मोडण्याची मुभा

 आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी अनेक जण लवकरच विज्ञान शिकवू लागतील, काही संशोधनाकडे वळतील, आणि एखाद्या मुलाच्या 'हे असं का होतं?' या प्रश्नाला तर प्रत्येकालाच कधी ना कधी सामोरे जावे लागेल. म्हणून आज काडेपेटीच्या काड्या, शीतपेयाची नळी, तांब्याची तार अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून होणाऱ्या प्रयोगांविषयी बोलतो. 'कमी खर्चातले विज्ञान' म्हणून त्यांचे कौतुक होते. ते कौतुक मला अपुरे वाटते. पैसे वाचतात हा या वस्तूंचा दुय्यम गुण आहे. त्या मोडल्या तर मुलाला कुणापुढे जाब द्यावा लागत नाही, हा त्यांचा खरा गुण आहे आणि प्रयोगातला आनंद तिथूनच सुरू होतो.

पुण्यात या विचाराची मुळे शोधायला लांब जावे लागत नाही. आयआयटी कानपूरमधून १९७५ साली इंजिनिअर झालेले अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्को कंपनीत नोकरीला लागले. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. आठवडी बाजारात मिळणाऱ्या साध्या वस्तूंशी खेळता खेळता त्यांना काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची जोडी सापडली. काडीचा गूल खरवडायचा, ट्यूबचा छोटा तुकडा कापायचा, त्यात दोन्ही बाजूंनी काड्या सरकवायच्या की सांधा तयार. चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. पत्र्याच्या शेडची कैची आणि विजेचे मनोरे त्रिकोणांनी का भरलेले असतात, ते बोटांना आधी कळते आणि मग शब्दांत येते. हेच गुप्ता २००३ पासून अकरा वर्षे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जयंत नारळीकर यांच्यासारखा खगोलशास्त्रज्ञ ज्या संस्थेचा संस्थापक-संचालक, तिच्या आवारात मुलांच्या खेळण्यांना जागा मिळाली, ही गोष्ट या शहराने विसरू नये. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीचे स्मरण म्हणून शोधिकेच्या वास्तूला 'पुलस्त्य' हे सप्तर्षींपैकी एकाचे नाव दिले आहे.

आता आपल्या व्यवसायाचे एक जुने दुखणे सांगितले पाहिजे. शाळेच्या प्रयोगशाळेत साहित्य असते, पण ते कपाटात असते आणि कपाटाला कुलूप असते. चंचुपात्र फुटले तर डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद, मग खुलासा, मग कधी कधी शिक्षकाच्या खिशाला चाट. अशा व्यवस्थेत शहाणा शिक्षक प्रयोग स्वतः करून दाखवतो आणि मुले लांबून पाहतात. वरच्या वर्गात जर्नल येते. लंबकाचा प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर ९.८ यायला हवे हे आधीच ठाऊक असते. वाचने त्या आकड्याकडून उलटी काढली जातात किंवा मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवली जातात. याला विद्यार्थ्यांचा अप्रामाणिकपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्या वर्गात चुकलेल्या वाचनाला गुण नाहीत आणि फुटलेल्या काचेला माफी नाही, तिथे निसर्गाला मोकळेपणाने प्रश्न विचारण्याचे धाडस कुठून येणार?

याउलट गुप्तांनी हजारो मुलांच्या हातात दिलेली साधी मोटर पाहा. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि मुलामा असलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे. तारेच्या एका टोकाचा मुलामा पूर्ण खरवडायचा, दुसऱ्याचा फक्त अर्ध्या बाजूचा. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर वेटोळे मागेपुढे डुलते आणि थांबते. अर्ध्या फेरीनंतर चुंबकाचा रेटा उलट दिशेने लागू लागतो; तेवढा वेळ प्रवाह तोडला तरच वेटोळे आपल्याच वेगाने पुढे सरकते आणि फिरत राहते. विकतच्या संचात ही युक्ती आधीच करून ठेवलेली असते, त्यामुळे मोटर फिरते पण प्रश्न पडत नाही. भरपूर तार हाताशी असलेले मूल दोन-तीन वेटोळी वाया घालवते आणि नेमके त्या वाया गेलेल्या वेटोळ्यांतून विद्युत मोटरचे मर्म त्याला उमगते.

यावर पहिला आक्षेप येतो की हे गरिबांचे विज्ञान आहे. खेड्यातल्या मुलांना काड्या आणि शहरातल्यांना उपकरणे, अशी वाटणी त्यातून पक्की होईल. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्यातली मागणी न्याय्य आहे: चांगली उपकरणे प्रत्येक शाळेचा हक्कच आहे. पण काड्यांची गरज श्रीमंत शाळेलाही तितकीच आहे, कारण महागड्या संचाची भीती तिथेही असते. दुसरा आक्षेप असा की हा नुसता खेळ आहे, खऱ्या विज्ञानाला शिस्त आणि गणित लागते. लागतेच. पण सी. व्ही. रामन यांचे काम पाहा. १९२८ साली रामन परिणाम पहिल्यांदा दिसला तो सूर्यप्रकाश, रंगीत गाळण्या आणि उघडा डोळा यांच्या आधारे. त्याआधी १९२० मध्ये त्यांनी मृदंग-तबल्याच्या कातड्यांतून सुरेल नाद का निघतो हे दाखवून दिले होते: मध्यभागी चढवलेल्या शाईमुळे एरवी बेसूर राहणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत येतात. आपल्या घराघरांतल्या वाद्याकडे कुतूहलाने पाहण्यातूनच ते कठोर गणित जन्माला आले. शीतपेयाच्या नळीचे टोक चपटे करून टोकदार कापावे, फुंकत फुंकत दुसरे टोक कात्रीने छाटत जावे, आणि छाटागणिक चढणारा आवाज ऐकावा. लांबी आणि स्वर यांचे नाते मांडण्याची ओढ लागल्यावर गणित परके राहत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यावहारिक: अभ्यासक्रम कधी संपवायचा आणि परीक्षेचे काय? होशंगाबादच्या त्या कार्यक्रमाने याचे उत्तर दिले होते. १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू होऊन १९७८ मध्ये जिल्हाभर पसरलेल्या त्या प्रयत्नात मुले पुस्तक उघडे ठेवून परीक्षा देत आणि त्यात प्रत्यक्ष प्रयोगही असे. परीक्षा बदलली म्हणून वर्ग बदलला. २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला, याचे शल्य या क्षेत्रातल्या अनेकांना आजही आहे. पण बंद पडण्यावरून तो फसला असा निष्कर्ष काढणे हे विज्ञान शिकवणाऱ्यांना शोभत नाही. तो तीस वर्षे सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांच्या हातून चालला, हा पुरावाही तितकाच ठोस आहे.

म्हणून तुमच्याकडे एकच आग्रहाचे मागणे आहे. या खेळण्यांनाही नव्या कपाटात जाऊ देऊ नका. विज्ञान प्रदर्शनात पालकांनी करून दिलेली, काचेखाली ठेवलेली आणि 'हात लावू नये' अशी पाटी लावलेली टाकाऊतून टिकाऊ मोटर हे त्या कुलपाचेच धाकटे भावंड आहे. ज्या शाळेत जाल तिथे तार, काड्या, नळ्या गरजेपेक्षा दुप्पट आणा, म्हणजे निम्म्या बिघडल्या तरी तास थांबणार नाही. मुलाचे वेटोळे डुलून थांबले की त्याच्या हातात तारेचा दुसरा तुकडा द्या आणि शेजारी बसून राहा. कोणत्या टोकाचा मुलामा किती खरवडायचा, ते मात्र लगेच सांगू नका.