म्हातारपण हाही ऋतूच



फाल्गुन चालू आहे. माघ आणि फाल्गुन मिळून शिशिर, सहा ऋतूंतला शेवटचा. झाडं पानं टाकतात, वारा कोरडा होतो, टाचांना भेगा पडतात. आणि याच दिवसांत माळावर पळस पेटतो. एरवी आपण म्हणतो, पळसाला पाने तीन. आत्ता जाऊन मोजा, एखादं सापडलं तर नशीब! पानं गेली आणि फुलाला जागा झाली.

ऋतू बदलला म्हणून आपण रडत बसत नाही, तयारी करतो. संक्रांतीला तीळगूळ, पाडव्याला कडुनिंब, वैशाखात पन्हं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास. त्यात कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं सोडतं. वाडवडलांनी दरवर्षी चार महिने काहीतरी सोडायची सवय का लावली असेल? अहो, पुढं सगळंच सोडायचं आहे, त्याचा हा सराव आहे. वांगं सुटतं हो; 'माझं ऐका' हे सुटत नाही!

शिशिर अंगणात आला तर चालतो, अंगावर आला की चालत नाही. केस पिकले की कलप. लावा, माझी ना नाही. पण मनाला कलप लावू नका. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा, मी बघते," की यांना वाटतं, आपल्याला घरातून काढूनच टाकलं. तिजोरीची किल्ली कमरेला, आणि ती किल्ली कुठं ठेवली म्हणून दिवसातून चारदा घर डोक्यावर!

आता खरं तेही सांगतो. गुडघे दुखतात ते खरोखर दुखतात. माझीही साठी उलटली आहे. दोन तास उभं राहिलं की कळतं. बरोबरीची माणसं एकेक करून जातात, त्याचं दुःख तर गुडघ्याहून मोठं. नाम घेतलं म्हणून हे दुखणं खोटं होत नाही. प्रसन्न राहायचं म्हणजे दुखणं नाकारायचं असं नाही. डॉक्टरला सांगा, औषध घ्या, आठवण आली तर रडा. पण दुखण्याला घरातला कर्ता करू नका.

आता हा ऋतू ज्यानं १४०० वर्षं टाळला, त्याची कथा ऐका. म्हणा, विठ्ठल विठ्ठल.

खानदेशात तापी आणि पूर्णेचा संगम आहे. तिथं चांगदेवांचं देऊळ आहे, गावाचं नावही चांगदेवच. हे मोठे योगी. काळ न्यायला आला की प्राण मस्तकात चढवून बसायचे. काळ वाट पाहून परत जायचा, हे पुन्हा खाली उतरायचे. असं करत १४०० वर्षं काढली, अशी परंपरेतली कथा आहे. शिष्य अमाप, सिद्धी अमाप. त्यांच्या कानावर आळंदीच्या ज्ञानेश्वरांची कीर्ती आली. पत्र लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले! 'तीर्थरूप' लिहावं तर समोरचा वयानं लहान. 'चिरंजीव' लिहावं तर ज्ञानानं मोठा. शेवटी काहीच लिहिलं नाही, कोरा कागद पाठवला.

पाहा मंडळी, अडलं कुठं? विद्या कमी नव्हती. आपलं वय मधे आलं!

तो कागद मुक्ताबाईंनी पाहिला. पोरसवदा वय. त्या हसून म्हणाल्या, एवढी वर्षं जगले आणि शेवटी कोरेच राहिले की! ज्ञानेश्वर माउलींनी मात्र त्या कोऱ्या कागदाला उत्तर दिलं, ६५ ओव्यांचं. तीच चांगदेवपासष्टी.

मग चांगदेव निघाले भेटायला. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक. इकडं ही चार भावंडं भिंतीवर बसली होती. माउलींनी भिंतच चालवली. आळंदीत ती भिंत आजही दाखवतात. चांगदेव वाघावरून उतरले. पण भिंत चालली हा खरा चमत्कार नव्हे. पुढं त्यांनी त्या एवढ्याशा मुक्ताबाईला गुरू केलं, हा चमत्कार. १४०० वर्षांचा म्हातारा लहान मुलीसमोर हात जोडून म्हणतो, मला शिकव. त्या दिवशी त्यांनी वय खाली ठेवलं, आणि त्या दिवशी कोऱ्या कागदावर पहिलं अक्षर उमटलं.

म्हणून सांगतो, नुसती वर्षं साठवून माणूस पिकत नाही. कैरी फांदीला घट्ट धरून असते, तोवर ती आंबटच. पिकली की देठ आपोआप सैल होतो. आपलाही देठ सैल होऊ द्या. किल्ली आपल्या हातानं द्या, मागायची वेळ येऊ देऊ नका. नातीनं मोबाइल शिकवला तर हट्ट न करता शिका. तीच तुमची मुक्ताबाई. विचारलं तर सल्ला द्या, नाही विचारलं तर नाम घ्या. नाम घ्यायला दात लागत नाहीत!

आणि तरुणांनो, हसू नका. शिशिर तुमच्याही अंगणात यायचा आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ रोज घटकाभर बसा. एकटं पडलेल्या माणसाला नुसतं 'आनंदी राहा' म्हणून भागत नाही, जवळ कुणीतरी बसावं लागतं.

पानं गळू द्या मंडळी. फुलायचं अजून राहिलं आहे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!