मळखाऊ रंग
(कर्जत येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पोटगी, रेशनकार्ड, दारूबंदी यांवर सकाळपासून आपण बोलतो आहोत. मला मात्र संयोजकांनी सांगितलं, ‘तू चित्र शिकते आहेस ना, त्यावर बोल.’ जरा संकोच वाटतो आहे. वाडी-वस्तीवर फिरणाऱ्या कार्यकर्तीने रविवारी रंग कालवत बसावं, हे मलाच अजून पुरतं पटलेलं नाही.

इथल्याच एका निवृत्त चित्रकला शिक्षकांकडे मी तैलरंग शिकते. त्यांची शिस्त अशी, की आधी मोठ्या चित्रकाराचं चित्र उतरवायचं. मी निवडलं बेर्त मोरिसो या फ्रेंच चित्रकर्तीचं १८६९ सालचं लोरियाँ बंदराचं चित्र. घरून शेरा आला, “नक्कलच करायची तर रंगीत झेरॉक्स काढ की!”

शब्द लागला. मग तिच्याविषयी वाचत गेले. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत बायकांना प्रवेश मिळाला १८९७ मध्ये. मोरिसो वारली १८९५ मध्ये. ती आणि तिची बहीण एदमा शिकल्या त्या लूव्र संग्रहालयातली जुनी चित्रं उतरवून, आणि पुढे कोरो या चित्रकाराच्या हाताखाली, त्याची निसर्गचित्रं उतरवून. शाळेचं दार बंद होतं, नक्कल करायला मात्र मनाई नव्हती! त्याच शिदोरीवर बेर्त १८७४ मध्ये इंप्रेशनिस्टांच्या पहिल्या प्रदर्शनात मोनेच्या, देगाच्या बरोबरीने उभी राहिली.

आता रंगांचं सांगते. आपण कामावर जाताना मळखाऊ साडी नेसतो ना, तसे या चित्रातले रंग. पाणी, आभाळ, धक्क्याची भिंत, सगळं मंद. मला वाटलं, सोपं आहे, पांढऱ्यात काळा मिसळला की झालं. सगळं चित्र चुलीच्या राखेसारखं मेलं. सरांनी काळी ट्यूबच काढून घेतली. निळ्यात तांबूस तपकिरी मिसळून करडा करायला लावला. निळा जास्त पडला की पाणी, तपकिरी जास्त पडला की भिंत. तेव्हा कळलं, करडा एक नसतो. आषाढात माथेरानचा डोंगर समोरून पुसला जातो तेव्हा तो ‘पांढरा’ दिसतो असं मी इतकी वर्षं म्हणत आले. तो जांभळट असतो.

तैलरंगाला घाई चालत नाही. खालचा थर टर्पेंटाइन घालून पातळ, वरचे थर जास्त तेलाचे. उलट केलं तर वरचा रंग तडकतो. त्यात जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि आपल्याकडच्या पावसात त्याला आठवडेच्या आठवडे लागतात.

या चित्रात उजवीकडे कठड्यावर पांढऱ्या कपड्यांत एक बाई बसली आहे. ती एदमा. त्याच वर्षी तिचं एका नौदल अधिकाऱ्याशी लग्न झालं आणि तिची चित्रकला जवळजवळ थांबली. बेर्तला लिहिलेल्या पत्रात ती म्हणते, की मनाने मी तुझ्या चित्रशाळेतच असते. हे वाचलं त्या दिवशी माझ्याने ब्रश धरवला नाही. माझ्या ताईला शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगमध्ये ‘ए’ ग्रेड होती. मला ‘सी’. लग्न होऊन ती खोपोलीला गेली. तिचा रंगांचा डबा पुढे माझ्या भाचरांनी संपवला. समुपदेशन करताना मी बायकांना सतरा प्रश्न विचारते. ताईला ‘तुझ्या चित्रांचं काय झालं’ हे वीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

पंधरा दिवसांपूर्वी ती आली होती. चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, “झगा फार पांढरा झाला गं.”

मी ब्रश पुढे केला. “नको, हात खराब होतील, भाकऱ्या टाकायच्यात.” भाकऱ्या मी टाकते म्हटलं, तेव्हा पदर खोचून बसली.

झग्याच्या सावलीतला करडा तिचा आहे. चित्र बाहेर टेबलावर ठेवलं आहे, जाताना जरूर बघा. अजून वाळलेलं नाही, तेवढा हात लावू नका.