आधी शून्य, मग माप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहिणारा माणूस. पदवी बी.ए.ची. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता आणि बिल भरण्यापुरता. तरीही आज विजेच्या एका मापाविषयी बोलणार आहे, कारण त्या मापाने मला माझेच माप दाखवले.

गोष्ट 2024च्या रमजानमधली. माझी थोरली बहीण, आमची आपा, खेड्यात राहते. तिला दम्याचा त्रास. रात्री-अपरात्री वाफेचे यंत्र लावावे लागते आणि उन्हाळ्यात गावची वीज कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून तिच्या गच्चीवर दोन सौर पॅनेल बसवून घेतली होती. खाली इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी. गावातल्याच एका तरुण वायरमनने ते काम केले. दोन वर्षे सगळे सुरळीत चालले. त्या उन्हाळ्यात मात्र वीज गेली की मध्यरात्रीच बॅटरी मान टाकू लागली. एका रात्री आपा सहेरीपर्यंत अंधारात धापा टाकत बसून राहिली.

मी ओळखीच्या दुकानातून टाँग टेस्टर उसना आणला. चिमट्यासारखा जबडा असलेले हे मीटर तुम्ही वायरमनच्या हातात पाहिले असेल. वायर तोडायची नाही, सोलायची नाही. तिच्याभोवती जबडा मिटायचा की किती अँपिअर प्रवाह वाहतो ते दिसते. भर दुपारी गच्चीवर गेलो, पॅनेलच्या वायरला जबडा लावला. आकडा शून्य!

झाले. त्या पोराला बोलावून घेतले आणि चार माणसांदेखत म्हणालो, ‘‘बोगस माल घातलास. म्हाताऱ्या बाईचे पैसे खाल्लेस.’’ रोजा माझ्या तोंडी होता आणि त्याच तोंडाने मी हे बोललो. तो एवढेच म्हणाला, ‘‘मामा, उद्या येतो.’’ बहिणीच्या गावात मी सगळ्यांचाच मामा.

दुसऱ्या दिवशी तो आपल्या उस्तादाचे मीटर घेऊन आला. त्याच वायरला ते लावले. आकडा आला साडेपंधरा अँपिअर. पॅनेल ठणठणीत होती. तो म्हणाला, ‘‘मामा, तुमचं मीटर एसीचं. ही वायर डीसीची.’’

फरक असा. आपल्या घरात येणारी वीज एसी, म्हणजे प्रत्यावर्ती. ती सेकंदाला शंभर वेळा दिशा पालटते. तारेभोवती चुंबकत्व निर्माण होते हे ओर्स्टेड यांनी 1820 मध्ये दाखवले. ते चुंबकत्व बदलत राहिले तरच शेजारच्या वेटोळ्यात वीज उठते, हे फॅरेडे यांनी 1831 मध्ये सिद्ध केले. साधा टाँग टेस्टर याच बदलावर चालतो. बॅटरीची आणि सौर पॅनेलची वीज डीसी, एकाच दिशेने संथ वाहणारी. तिचे चुंबकत्व असते, पण ते हलत नाही. साध्या जबड्याला ते जाणवतच नाही. प्रवाह असतो, मीटर शून्य म्हणते.

डीसी मापणाऱ्या जबड्यात एक बारीक संवेदक बसवलेला असतो. त्याचे मूळ 1879 मधल्या एका प्रयोगात आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाचा 23 वर्षांचा विद्यार्थी सोन्याच्या वर्खातून वीज सोडत होता. वर्ख चुंबकापाशी धरला तेव्हा त्याच्या दोन कडांमध्ये किंचितसा विद्युतदाब उमटला. चुंबकत्व स्थिर असले तरी तो उमटतो. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अजून अठरा वर्षे होती.

त्या पोराने मला आणखी काही शिकवले. डीसी मीटर लावण्यापूर्वी ते शून्यावर आणायचे. जबड्याच्या लोखंडात आधीच्या मापाचे थोडे चुंबकत्व उरलेले असते, शिवाय पृथ्वीचेही असते. जबडा रिकामा ठेवून, जिथे मापायचे तिथेच शून्याचे बटण दाबायचे. मग एकच वायर जबड्यात घ्यायची. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही घेतल्या तर त्या एकमेकींना पुसून टाकतात. प्रवाह फारच कमी असेल तर वायरीचे दहा वेढे जबड्यातून घ्यायचे आणि आलेल्या आकड्याला दहाने भागायचे. जबड्यावरच्या बाणाने दिशा कळते. वजा चिन्ह आले तर प्रवाह बाणाच्या उलट चालला आहे.

खरा चोर त्या वजा चिन्हानेच पकडला. रात्री वीज गेल्यावर त्याने बॅटरीच्या वायरला मीटर लावले. घरातले सगळे दिवे, पंखे बंद केले. तरीही वजा चौदा अँपिअर! थोड्या वेळाने आकडा जवळजवळ शून्यावर आला, पुन्हा चौदावर गेला. तो सरळ स्वयंपाकघरात गेला आणि जुन्या फ्रिजच्या मागे वाकून पाहिले. फ्रिजची पिन इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये होती.

ती मीच घातली होती. आदल्या वर्षीच्या बकरी ईदला, कुर्बानीचे मटण खराब होऊ नये म्हणून. नंतर काढायची राहून गेली. पावसाळ्यात आणि थंडीत पंखे लागले नाहीत म्हणून भागले. उन्हाळ्यात बॅटरीला दोन्ही ओझी पेलेनात. पिन जागेवर लावली आणि त्या रात्री आपाचे यंत्र सहेरीपर्यंत चालले.

ईदच्या दिवशी मी त्याच्या घरी शीरखुर्मा घेऊन गेलो. ज्या चौघांदेखत बोललो होतो त्यांना बरोबर नेले आणि त्यांच्यासमोर माफी मागितली. तो ओशाळला. म्हणाला, ‘‘मामा, मीटर चुकीचं होतं, तुमचं काय त्यात?’’

पण मीटर चुकीचे नव्हते. ज्या कामाचे ते होते ते काम ते चोख करत होते. त्याला न समजणारी गोष्ट मी त्याला विचारली आणि त्याच्या शून्यावरून एका माणसाची किंमत ठरवली. माझ्या मनाच्या जबड्यातही आधीचे काहीबाही उरले होते. कुणीतरी कधीतरी फसवले होते, त्याचा राग मी या पोरावर मोजला.

श्रोतेहो, घरी सौर पॅनेल असेल, गाडीची बॅटरी उतरत असेल, तर मापण्यापूर्वी मीटरवरची खूण पाहा. नागमोडी रेघ एसीची. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ ही डीसीची. मग शून्याचे बटण दाबा. आणि समोर माणूस उभा असेल, तर ते बटण आधी स्वतःचे दाबा.