वाचलेला कर घरी आला का?

(2025 च्या कोजागिरीला मंडळात केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यक्रमात आजवर मी सतरंज्या घातल्या, दूध ढवळले, पण माईकपुढे कधी उभी राहिले नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि विषय प्राप्तिकराचा! पण चिटणीसबाई म्हणाल्या, "परवा नळावर जे सांगत होतात, तेच इथे सांगा." म्हणून हे धाडस करते आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

1 फेब्रुवारी 2025 ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अंदाजपत्रक मांडले. नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही, असे त्यांनी सांगितले. नोकरदाराला 75 हजारांची वजावट निराळी, म्हणजे पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असला तरी कर शून्य. आमचे हे चिंचवडला एका कारखान्यात कायम कामगार आहेत. पंचवीस वर्षे मशीनवर उभे राहून आता कुठे वर्षाचा पगार दहा लाखांवर आला आहे. त्या संध्याकाळी हे येताना पेढे घेऊन आले.

पेढे खाल्ले, पण मला काही उमजेना. मुलीला म्हटले, मला नीट समजावून सांग. तिने कागदावर आकडे मांडले, आणि मी ते माझ्या डोक्यात उतरंडीसारखे बसवले. खालचे मडके चार लाखांचे, त्यावर कर नाही. त्यावरचे चार लाखांचे, त्याला शेकडा 5. त्यावरचे आणखी चार लाखांचे, त्याला शेकडा 10. वरच्या मडक्यात चार दाणे पडले म्हणून खालच्या मडक्यांचा दर वाढत नाही. हे ठाऊक नसल्याने ह्यांच्या खात्यातले कितीतरी लोक "टप्पा बदलेल" म्हणून ओव्हरटाइम नाकारत असत! या हिशेबाने बारा लाखांवर 60 हजार कर बसतो, पण तेवढीच सूट दिल्यामुळे तो शून्य होतो. उत्पन्न बारा लाखांच्या वर गेले, की ही सूट जाते आणि चार लाखांपासूनचा हिशेब सुरू होतो. अगदी काठावर असलेल्यांना थोडी सवलत आहे. म्हणून "बारा लाख सगळ्यांना माफ" असे कोणी म्हणाले, तर ते खरे नाही.

आमच्या घरचे गणित असे. 2024-25 साली ह्यांना उपकरासह 44,200 रुपये कर बसला. 2025-26 ला शून्य. म्हणजे महिन्याला 3,683 रुपये जास्त हातात यायला हवे.

आता जरा मागचे सांगते, त्याशिवाय माझा मुद्दा कळायचा नाही. 2016 च्या मार्चात ह्यांच्या पगारातून एकदम 14 हजार कापले गेले. कागदपत्रे वेळेवर दिली नव्हती, म्हणून वर्षाचा उरलेला कर शेवटच्या पगारातून घेतला. त्या महिन्यात किराणा उधारीवर भरला. मुलीच्या सहलीचे पैसे मी दिले नाहीत. ती रडली नाही, पण दोन दिवस बोललीही नाही. पुढच्या वर्षी धसका घेऊन एका एजंटाकडून विम्याची पॉलिसी घेतली, वर्षाचा हप्ता 25 हजार. कर किती वाचला? तेव्हा आमच्या टप्प्याला शेकडा 10 दर होता, म्हणून 2,575 रुपये. त्याच 2017 सालच्या अंदाजपत्रकात अडीच ते पाच लाखांचा दर दहावरून पाचवर आला. दर उतरला म्हणून आनंद झाला, पण दुसऱ्या हप्त्यावर वाचले अवघे 1,287! तिसऱ्या हप्त्याच्या वेळी सासूबाई आजारी पडल्या, हप्ता राहिला. तीन वर्षे पुरी भरली नाहीत म्हणून पॉलिसी बुडाली. तीन हजार आठशे बासष्ट वाचवायला आम्ही पन्नास हजार घालवले. विमा वाईट असे मी म्हणत नाही. घरच्या कर्त्या माणसाचा विमा हवाच. पण तो करापायी घेऊ नये.

नव्या पद्धतीत पॉलिसी दाखवून सूट मिळत नाही. आमच्यासारख्यांना कर शून्यच असल्यावर ती धावपळ उरली नाही, हे फार बरे झाले. पण पूर्वी कराच्या भीतीने का होईना, काही शिल्लक पडत असे. आता कोणी भीती घालत नाही.

आणि झालेही तसेच. एप्रिलपासून पगार वाढून येत होता, मला पत्ताच नाही. गणपतीत मुलीने सहज वडिलांची पगाराची चिठ्ठी वाचली, तेव्हा कळले. मी विचारले, "पाच महिन्यांचे अठरा हजार कुठे आहेत?" हे गप्प. मग म्हणाले, "अगं, खात्यातच असतील." खात्यात नव्हते. व्यसन नाही, लपवाछपवी नाही. मोबाइलवरून इथे चाळीस, तिथे दोनशे असे गेले होते. ह्यांनाच सांगता येईना. मला राग आला तो पैशांचा नव्हे. लग्नाला तेवीस वर्षे झाली, आणि ह्यांच्या पगाराची चिठ्ठी मी कधी हातात घेतली नव्हती. घर मी चालवते म्हणते, आणि घरात किती येते ते मला ठाऊक नाही! दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी हे स्वतःच सप्टेंबरपासून दरमहा साडेतीन हजार द्यायला तयार झाले. मी पोस्टात माझ्या नावाने पाच वर्षांचे आवर्ती ठेव खाते उघडले. फॉर्मवर सही करताना हात जरा कापला.

हे नळावर सांगत होते, तेव्हा आपल्यातल्याच एक बाई म्हणाल्या, "ताई, तुमचे बरे आहे. आमचे मालक कंत्राटी, पगार अठरा हजार. आमचा कर होताच कुठे, की माफ होईल?" मला उत्तर सुचले नाही. त्यांचे बरोबर आहे. प्राप्तिकर उतरतो तेव्हा तो भरणाऱ्याचाच उतरतो. त्यांच्या घरचा कर साबणाच्या वडीत असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरचा जीएसटी शेकडा 18 वरून 5 वर आला, तो त्यांच्यापर्यंत पोचला पाहिजे. आम्ही दोघी जुन्या आणि नव्या वडीवरची किंमत ताडून पाहायला दुकानात गेलो. एका साबणाची उतरली होती. दुसऱ्याचा दुकानदार म्हणाला, "जुना माल आहे." पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहोत, ज्यांना यायचे त्यांनी या.

माझे पासबुक मी पिशवीत आणले आहे. खाते कसे उघडायचे, कोणते कागद लागतात ते ज्यांना विचारायचे असेल, त्यांनी दूध आटेपर्यंत माझ्याजवळ बसावे. आणि घरच्या पगाराची चिठ्ठी कशी वाचायची, ते माझी मुलगी दाखवील. ती मागच्या रांगेत बसली आहे. एवढे बोलून मी आपली रजा घेते.