दोन निवाडे



या मालेतले तिसरे पुष्प गुंफायला मंडळाने मला बोलावले, तेव्हा मी मधुमेहावर किंवा उतारवयातल्या सांधेदुखीवर बोलेन असा कार्यवाहांचा अंदाज होता. मी विषय कळवला, ‘ख्रिस्ती धर्मातील मरणोत्तर जीवन आणि अंतिम न्याय’. फोनवर थोडा वेळ शांतता पसरली. मग ते म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही तर जैन ना?” होय, मी जैन आहे, आणि बी.एच.एम.एस. ही माझी पदवी काही धर्मशास्त्राची नव्हे. पण ज्या चुकीतून हा विषय माझ्या मागे लागला, ती चूक मी डॉक्टर म्हणूनच केली होती. म्हणून आधी ती सांगतो.

बेळगावात कॅम्पाजवळ माझा दवाखाना आहे. तिथे एक वृद्ध कॅथलिक गृहस्थ येत. त्यांचे घराणे मूळ गोव्याचे, पण तीन पिढ्या इथेच गेलेल्या. त्यांची बेकरी होती आणि सगळे त्यांना अंकल म्हणत. यकृताच्या दुखण्याने ते खचत गेले. मुख्य उपचार मोठ्या हॉस्पिटलात चालू होते. माझ्याकडे ते झोप येत नाही एवढीच तक्रार घेऊन येत. शेवटी चालवेना, तेव्हा मी घरी जाऊ लागलो. एका संध्याकाळी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “डॉक्टर, तिथं माझा भाऊ समोर उभा असणार. त्याला काय सांगू?” धाकट्या भावाचा वाटा त्यांनी पूर्वी दाबला होता. भाऊ मुंबईला गेला आणि तिकडेच वारला. माफी मागायची राहून गेली होती.

मी म्हणालो, “अंकल, असला विचार करू नका. ज्याचं त्याचं कर्म असतं. शांत पडा, मी औषध बदलून देतो.” त्यांनी माझा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केले.

मला वाटले, हे नरकाला घाबरलेत. इथे माझे निदान चुकले. त्यांना काय होत होते, हे कळायला त्यांचा धर्म काय सांगतो ते समजून घ्यायला हवे होते. चाळीस वर्षे त्यांचा पाव खाल्ला, नाताळच्या करंज्या खाल्ल्या, पण हे कधी विचारले नव्हते. पुढे काही वर्षे मी वाचले, चर्चच्या फादरांशी आणि मेथडिस्ट मित्रांशी बोललो. त्यातून जे हाती लागले ते आज मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे हिंदू, जैन, बौद्ध या सर्वांना पुनर्जन्म इतका सवयीचा आहे की एकच जन्म ही कल्पना आपल्याला पटकन पचत नाही. ख्रिस्ती शिकवणीत माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो आणि मग न्याय होतो. परीक्षा एकच, फेरपरीक्षा नाही. त्यामुळे या एका आयुष्याला केवढे वजन येते, ते लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट पुनरुत्थानाची. ख्रिस्ती आशा केवळ ‘आत्मा अमर आहे’ एवढ्यावर थांबत नाही. शेवटच्या दिवशी मेलेली माणसे देहासह उठतील, असे ती सांगते. येशूच्या काळी यहुद्यांमध्येही यावर वाद होता. परूशी पंथाचे लोक पुनरुत्थान मानत, सदूकी मानत नसत. संत पौलाने अथेन्समध्ये हा विषय काढला तेव्हा तिथले काही विद्वान हसले. देह ही आत्म्याची कैद आहे, असे मानणाऱ्यांना ती कैद परत कशाला हवी होती? पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात बियाण्याचा दाखला दिला आहे. पेरतो ते बी आणि उगवते ते रोप दिसायला एक नसतात, तरी रोप त्याच बियाचे असते. उठलेला देह तसा.

आता मुख्य मुद्दा. कॅथलिक शिकवणीत न्याय एकदा नव्हे, दोनदा होतो. मरताक्षणी प्रत्येकाचा स्वतंत्र निवाडा होतो. पोप बेनेडिक्ट बारावे यांनी १३३६ साली हे अधिकृतपणे स्पष्ट केले. त्यात तीन वाटा आहेत : स्वर्ग, नरक आणि शुद्धीस्थान. शुद्धीस्थान म्हणजे कायमची जागा नव्हे. देवाशी नाते तुटलेले नाही, पण मळ राहिला आहे, अशा जिवाचे तिथे क्षालन होते. जिवंत माणसांच्या प्रार्थनेने त्याला मदत होते, अशी श्रद्धा आहे. म्हणून २ नोव्हेंबरला कॅम्पातल्या दफनभूमीत मेणबत्त्या लागतात. आपल्या पितृपक्षाची आठवण होईल, पण फरक आहे. तिथे मृताला जेवू घालायचे नसते, त्याच्यासाठी देवाकडे रदबदली करायची असते. प्रॉटेस्टंट मंडळी मात्र शुद्धीस्थान मानत नाहीत. मार्टिन लूथरने १५१७ साली उभा केलेला वाद मृतांच्या नावे पैसे घेऊन पापदंडाची माफी देण्याच्या प्रथेवरूनच पेटला. माणसाचे तारण श्रद्धेने, देवाच्या कृपेने होते. ते कमावता येत नाही आणि विकतही घेता येत नाही, हे त्यांचे म्हणणे.

पहिल्या निवाड्यातच सारे ठरले, तर जगाच्या अंती दुसरा न्याय कशासाठी? मला ही पुनरुक्ती वाटत होती. तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस यांनी याचे जे उत्तर दिले, त्याने माझे डोळे उघडले. माणूस मरतो, पण त्याने केलेले संपत नाही. त्याच्याविषयीचे खरेखोटे मत मागे उरते, त्याची मुले उरतात, त्याच्या बऱ्यावाईट कृत्यांचे परिणाम पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतात. तेव्हा पूर्ण हिशेब त्याच्या मरणाच्या दिवशी होऊच शकत नाही. सगळ्यांचे सगळे संपेल तेव्हाच होईल. आमच्या धंद्यातले उदाहरण द्यायचे तर रुग्णाला घरी सोडले म्हणजे केसपेपर बंद होतो, पण दिलेल्या औषधाचा परिणाम बंद होत नाही.

म्हणजे पहिला निवाडा एकट्याचा आणि दुसरा सर्वांदेखत. तिथे लुबाडणारा असतो आणि लुबाडलेलाही असतो. अंकलना नरक दिसत नव्हता, भाऊ दिसत होता. ते त्यांच्या धर्माला धरूनच बोलत होते. मला ते कळले नाही.

या न्यायात विचारले काय जाणार? मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायात त्याचे चित्र आहे. मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो, तसा राजा माणसांच्या दोन बाजू करतो. निकष कोणते? भुकेल्याला अन्न दिलेस का, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट. राजा सांगतो, त्या क्षुल्लक माणसाला दिलेस ते मला दिलेस. त्याला नाकारलेस ते मला नाकारलेस. माझे लक्ष एका गोष्टीने वेधले. दोन्ही बाजूंची माणसे चकित होतात. देणाऱ्यालाही आपण कोणाला दिले ते ठाऊक नव्हते आणि नाकारणाऱ्यालाही नव्हते.

आता एका चित्राविषयी. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात बोन नावाचे गाव आहे. तिथे १४४३ साली निकोला रोलँ या बड्या सरकारी अधिकाऱ्याने पत्नीसह गरिबांसाठी इस्पितळ बांधले. विसाव्या शतकापर्यंत तिथे रुग्ण होते. आज ते संग्रहालय आहे. लांबलचक दालनात दोन्ही बाजूंना खाटांच्या रांगा आणि टोकाला प्रार्थनेची वेदी अशी रचना. त्या वेदीसाठी रोखिअर फान डर वेडन या चित्रकाराने अंतिम न्यायाचे मोठे चित्र काढले. एरवी त्याची दारे मिटलेली असत. रविवारी आणि सणाला ती उघडत आणि खाटेवरचे आजारी ते पाहत. माझ्या मुलाने दिलेल्या चित्रांच्या पुस्तकात मी ते प्रथम पाहिले. मरणाच्या दारातल्या रुग्णांपुढे न्यायाचा देखावा? मी तर वेटिंगरूममध्ये सूर्यास्ताचे कॅलेंडरही लावत नाही.

पण चित्र नीट पाहिले. मध्यभागी तराजू घेतलेला देवदूत मायकेल उभा आहे. जमिनीतून माणसे वर येताहेत. एका बाजूची स्वर्गाच्या दाराकडे जातात, दुसऱ्या बाजूची आगीत कोसळतात. त्या काळच्या अशा चित्रांत माणसांना ओढून नेणारे सैतान हटकून असतात. या चित्रात एकही नाही. माणसे आपल्याच भाराने खाली जाताहेत.

तिथे मला घरचे काही भेटले. तत्त्वार्थसूत्राच्या दहाव्या अध्यायात भोपळ्याचा दृष्टान्त आहे. मातीचा लेप असेल तर भोपळा पाण्यात बुडतो, लेप सुटला की आपोआप वर येतो. जीवही तसाच, कर्माच्या लेपाने खाली जाणारा. आमच्याकडे न्यायाधीश नाही. कर्म हाच कायदा आणि कर्म हीच अंमलबजावणी. शिवाय जैन मतात नरकातल्या वास्तव्यालाही मुदत आहे, ते कितीही लांब असो. म्हणून चिरंतन नरकाची कल्पना मला आजही मानवत नाही आणि ते मी इथे लपवत नाही. एवढे मात्र सांगतो की अमुक माणूस नरकात आहे असे कॅथलिक चर्चने आजवर अधिकृतपणे जाहीर केलेले नाही. संत झाल्याचे मात्र अनेकांचे केले आहे. आणि तुम्हाआम्हाविषयी? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली असे मांडले की आपल्या दोषाविना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सद्‌सद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. सर्व ख्रिस्ती पंथांना हे मान्य आहे असे नाही.

मात्र न्यायाधीश नसण्याची एक किंमत आहे. तराजू क्षमा करत नाही. ख्रिस्ती श्रद्धेत न्यायासनावर बसणारा स्वतः एकदा आरोपी म्हणून उभा राहिलेला आहे आणि अन्यायाने मारला गेलेला आहे. क्रुसावर त्याच्या शेजारी टांगलेल्या गुन्हेगाराने अखेरच्या घटकेला आठवण ठेव म्हटले, तर त्याला त्याच दिवशीच्या स्वर्गाचे वचन मिळाले. या गोष्टीवर कोट्यवधी माणसे शेवटचा श्वास सोडतात.

हे आपल्या मराठीला परके नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतल्या राशोलला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द आला आहे. गोव्यातले ख्रिस्ती आजही नरकाला कोकणीत येमकोंड म्हणतात, म्हणजे यमाचे कुंड. धर्म बदलला तरी यमराजाची नोकरी गेली नाही. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ साली आपल्या बेळगावातच जन्मले. त्यांची कादंबरी आपण अभ्यासतो. त्यांनी कशावर विश्वास ठेवला ते मात्र विचारत नाही.

आता अंकलकडे परत जातो. माझ्या त्या भेटीनंतर दोन दिवसांनी फादर आले. अंकलनी पापनिवेदन केले, आजाऱ्यांचा तेलाभ्यंग झाला. त्या रात्री ते झोपले. माझे औषध मी बदललेले नव्हते. त्यांच्या मुलीने नंतर मला सांगितले की फादर बाहेर पडताना एवढेच म्हणाले होते, “भाऊ गेला, पण त्याचं घर तर आहे ना?” दुसऱ्या दिवशी मुंबईला फोन गेला. आठवड्याने भावाची बायको मुलाला घेऊन आली. खोलीत तिघांचे काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. पण ती दोघे अंत्ययात्रेपर्यंत थांबली आणि पुतण्याने खांदा दिला.

आमच्या बारा अनुप्रेक्षांत एकत्व भावना आहे. जीव एकटा येतो, एकटा जातो, आपले कर्म एकटाच भोगतो. आपल्या भोजचे आचार्य शांतिसागर महाराज १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेऊन गेले, ते याच धैर्याने. ही भावना मला आजही खरी वाटते. पण तिचा आधार घेऊन मी एका माणसाला “ज्याचं त्याचं कर्म” म्हणालो, तेव्हा मी तिचा वापर दार लावून घ्यायला केला. दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीच्या दिवशी आम्ही घरोघर जाऊन हात जोडतो. का? जीव एकटा असला तरी दुखावलेला माणूस दुसराच असतो, हे आमच्या आचार्यांनाही ठाऊक होते.

दुसरा निवाडा होईल की नाही, यावर या सभागृहात एकमत होणार नाही आणि तशी गरजही नाही. पण प्रत्येकाच्या मनात त्या दिवशी समोर उभा राहील असा एखादा चेहरा असेल. भाऊ असेल, भावजय असेल, वाटणीनंतर बोलणे बंद झालेला चुलत भाऊ असेल. आपण जुनी घराणी. आपल्याकडे घरे जुनी आणि भांडणेही जुनी. तो माणूस अजून हयात असेल तर आज घरी गेल्यावर त्याला फोन करा. अंकलना ते जमले नाही, तुम्हाला जमेल.